नैरूझच्या सकाळी तडकलेल्या भाकरी

आमच्या नाईलकाठच्या नज्लत साविरिस गावात डॉक्टर फक्त बुधवारी यायचा आणि दातांचा डॉक्टर तर कधीच यायचा नाही, पण दुखण्यावर वचन सांगणारा माणूस आमच्याकडे आठवड्याचे सातही दिवस होता. त्याचं नाव बाखूम; बहुतेक गाव त्याला अम्म बाखूम म्हणायचं, म्हणजे बाखूमकाका. देवळाच्या मागच्या भट्टीवर तो कुर्बान भाजायचा. कुर्बान म्हणजे उपासनेत वेदीवर ठेवायची गोल भाकरी, आणि ती भाजणाऱ्याला आम्ही कराब्नी म्हणतो. त्याचा बाप कराब्नी होता, आजाही कराब्नी होता. बाखूमनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मी सहावीपर्यंत शिकलो, तेही मास्तर माझा मामा होता म्हणून. तरी गावाच्या लेखी मी शिकलेला आणि तो अडाणी. खरं सांगायचं तर दीडशेच्या दीडशे स्तोत्रं त्याला तोंडपाठ होती, चारही शुभवर्तमानं त्यानं नुसती ऐकून डोक्यात भरली होती, आणि वैद्याला जशी कुठल्या काढ्याची कुठं गरज आहे ते कळतं, तसं त्याला कुठलं वचन कुणाला द्यायचं ते कळायचं.

मी गिरणी चालवायचो आणि देवळात शम्मास होतो, म्हणजे अबूनांच्या शेजारी उभा राहून प्रतिसाद म्हणायचो. अबूना म्हणजे आमचे धर्मगुरू. देवळाचा गहू घेऊन बाखूम दर शुक्रवारी गिरणीवर यायचा, पोत्यावर बसायचा आणि दळण होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याचा दवाखाना चालवायचा. उम्म शाकिर, म्हणजे शाकिरची आई, म्हणून एक शेजारीण होती. तिला मुलीच्या लग्नाची काळजी. बाखूमनं तिला सांगितलं, "बाई, रानातली फुलं बघ. ती सूत कातत नाहीत, भरतकाम करत नाहीत, तरी देव त्यांना नेसवतोच की नाही?" उम्म शाकिर म्हणाली, "अम्म बाखूम, फुलांच्या सासूला फ्रीज लागत नाही." गिरणीतले सगळे हसले, बाखूमही हसला. पण महिन्याभरानं मुलीचं जमलं आणि सासू फ्रीजविना राजी झाली. तेव्हापासून उम्म शाकिर त्याचं वचन औषधासारखं घ्यायला लागली, कुरकुरत, पण पूर्ण.

माझंच सांगतो. माझी बायको इस्तीर एका हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाला, वसंतापर्यंत काही सांगता येत नाही. मी गिरणी बंद करून घरात येरझाऱ्या घालायचो. ही गेली तर पोरांचं काय, शेळीचं काय, माझं काय. बाखूम रोज सकाळी यायचा, आदल्या दिवसाची उरलेली कुर्बानची भाकरी हातात द्यायचा आणि म्हणायचा, "रूफाईल, आजचं दुखणं आजला पुरे. प्रभूनं उद्याचं ओझं आज उचलायला सांगितलेलं नाही. तू मात्र वसंतापर्यंतची सगळी पोती एकदम पाठीवर घेतलीस. तू गिरणीवाला ना, तुला पोत्यांचं तरी कळायला हवं." मी म्हटलं, "बोलायला सोपं आहे." तो म्हणाला, "अवघड असतं तर मी अडाण्यानं कसं सांगितलं असतं? चल, गिरणी उघड. एक पोतं दळू." आणि मी उघडली. असं करत चाळीस दिवस गेले. इस्तीर उठली आणि मी तिच्या आजारपणात चहात साखर जास्त घातली म्हणून ओरडली. देवाची कृपा, ती अजून ओरडते.

असा हा माणूस. पण एक वचन त्यानं स्वतःच्या दारापासून लांब बांधून ठेवलं होतं.

त्याला एक धाकटा भाऊ, घत्तास. त्यांचा बाप वारल्यावर चाळिसाव्याच्या दिवशी आम्ही सगळे बैठकीत जमलो होतो. बापाच्या जागी बाखूमनं भाजलेली ती पहिली कुर्बान. घत्तासनं एक भाकरी उचलली, चटईवर दोनदा ठोकली आणि म्हणाला, "बाबांची भाकरी जिभेवर विरघळायची. ही गाढवाच्या खुराला ठोकायची आहे." अख्खी बैठक हसली. बाखूम उठला आणि म्हणाला, "तुझ्या हातचं मी मरेपर्यंत खाणार नाही." घत्तासची सासुरवाडी नदीपलीकडे, देर बिसादाला. त्याच वर्षी तो तिकडे गेला आणि तिथल्या देवळाचा कराब्नी झाला. मध्ये नाईल. एका काठावर एक भाऊ भट्टी पेटवतो, दुसऱ्या काठावर दुसरा. सकाळी दोन्ही धूर दिसायचे. चौदा वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत.

आता वचन काय सांगतं ते आमच्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. अर्पण घेऊन तू वेदीपाशी आलास आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. हे वाचन आलं की लोक हळूच मान वळवून भट्टीच्या दाराकडे बघायचे. एकदा मीच धीर करून बाखूमला विचारलं. तो म्हणाला, "वचन अर्पण आणणाऱ्याला आहे. मी आणत नाही, मी भाजतो." इतका चोख जबाब की मी मुकाट पुढचं पोतं उचललं.

मग तो नैरूझ आला. नैरूझ म्हणजे आमच्या देवळाच्या वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी आम्ही लाल खजूर आणि पेरू खातो. त्याच्या महिनाभर आधी उम्म शाकिरचं तिच्या जावेशी भांडण झालं होतं. हिची कबुतरं जावेच्या कबुतरखान्यात जाऊन बसली, आणि जावेनं ती भरडलेला गहू भरून भाजली आणि पाहुण्यांना वाढली. बाखूमनं तिला तेच वचन दिलं. ती म्हणाली, "माझ्या मनात आहे तिच्याविषयी. तिच्या मनात कशाला असेल? पोट तिचं भरलंय." तो म्हणाला, "तू जा तर."

नैरूझच्या आदल्या संध्याकाळी ती खजुरांचं ताट घेऊन भट्टीवर आली. मी तिथंच पीठ उतरवत होतो. ती म्हणाली, "गेले मी, अम्म बाखूम. दारात उभी राहिले तर तीच रडायला लागली. म्हणे, वर्षभर तू माझ्या दारावरून तोंड फिरवून जात होतीस, म्हणून मी कबुतरं भाजली. मला काय माहीत तिला एवढं लागलं होतं? मग बसून जेवलो. देव तुझं भलं करो." बाखूम खूश. खजूर तोंडात टाकला. मग ती म्हणाली, "आणि तू कधी जातोस?"

"कुठं?"

"पलीकडे. तुझ्या घत्तासकडे."

"उम्म शाकिर, मी अर्पण आणत नाही. मी भाजतो."

"आमच्यातही सगळं भांडण भाजणारीशीच होतं," ती म्हणाली, ताट उचललं आणि निघून गेली.

मी पिठाकडे बघत उभा राहिलो, कारण हसू येत होतं आणि ते हसण्याची जागा नव्हती. बाखूमनं तोंडातल्या खजुराची बी कितीतरी वेळ थुंकली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी देवळात गेलो तेव्हा भट्टीच्या खोलीतून स्तोत्रांचा आवाज येत होता. कुर्बान मळताना कराब्नी स्तोत्रं म्हणतो, पोटात पाण्याचा थेंब नसतो, पिठात मीठ नसतं. उंडे वळायचे, लाकडी शिक्का दाबायचा म्हणजे मधे मोठा क्रूस आणि भोवती बारा लहान क्रूस उमटतात, मग मधल्या क्रुसाभोवती सुईनं पाच भोकं पाडायची, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रभूच्या जखमांची खूण आहे ती, पण भट्टीच्या दृष्टीनं बघाल तर आतली वाफ त्यातूनच निघते. मी कंदील पुसत ऐकत होतो. बाखूम एका ओळीवर आला, पुढं गेला, परत त्याच ओळीवर आला. तिसऱ्यांदाही तीच ओळ. इतक्या वर्षांत त्याला स्तोत्र चुकताना मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

देऊळ भरलं. तीनशे माणसं, नवे कपडे, म्हाताऱ्या पुढं, कुणाच्याही पोटात मध्यरात्रीपासून काही नाही. धूप झाला. मग टोपली आली, सात भाकरी, वर पांढरा रुमाल. अबूना अर्सानी वेदीच्या दाराशी उभे राहिले. त्यातली सगळ्यात निर्दोष भाकरी ते निवडतात, तिला आम्ही कोकरू म्हणतो. निर्दोष कोकरू नसेल तर उपासना पुढं जात नाही. त्यांनी पहिली उचलली. मधल्या क्रुसातून तडा गेला होता. दुसरी फुगून वरची पापडी सुटलेली. तिसरी, चौथी. सातवी त्यांनी हातात घेतली तेव्हा ती त्यांच्या बोटांत दोन तुकडे झाली.

बाखूम भट्टीकडच्या दारात उभा होता. अबूनांनी विचारायच्या आत तोच म्हणाला, "भोकं. मी भोकं पाडली नाहीत."

नवं पीठ फुगायला तीन तास. अबूना माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "रूफाईल, देर बिसादाला त्यांचे अबूना उशिरा येतात, दोन गावं सांभाळतात. घत्तासकडे जास्तीच्या भाकरी असतील. होडी घे आणि जा." मग बाखूमकडे न बघता म्हणाले, "तू राहा, बाबा. तू थकलायस."

बाखूमनं कमरेचं फडकं सोडलं. "मी जातो," तो म्हणाला. "तो विचारणारच, कुणाच्या भाकरी तडकल्या म्हणून. त्याचं उत्तर रूफाईलनं का द्यावं?"

अबूना म्हणाले, "तुला कुणी जबरदस्ती केलेली नाही."

"तेच तर," बाखूम म्हणाला.

आमचा होडीवाला ज़हरान, मुसलमान, आमच्या तीन पिढ्यांचा ओळखीचा. तो होडीत बसून नुकता चहा ओतत होता. "आज तुमचा सण," तो म्हणाला, "आणि सणाच्या सकाळी दोघं पलीकडे कुठं?"

"भाकरी तडकली," बाखूम म्हणाला.

"आमच्या घरी रोज तडकते, मी नाही नदी ओलांडत," ज़हरान म्हणाला. पण त्यानं बाखूमचं तोंड पाहिलं, चहा नदीत ओतला आणि वल्ही हातात घेतली.

अर्ध्या नदीपर्यंत बाखूमचे ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणतोय. तो म्हणाला, "जमवतोय रे. 'अबूनांनी पाठवलंय, भाकरी दे.' एवढंच. भाकरी घ्यायची आणि वळायचं." मग म्हणाला, "तो तेच बोलणार. गाढवाचा खूर. आणि आज त्याचं बोलणं खरं असेल."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाखूम, त्या दिवशी बैठकीत मीही हसलो होतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्यांत शेवटी तू थांबलास."

ज़हरान वल्हवायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला. मी पाण्याकडे बघत होतो.

"एक सांगू?" बाखूम म्हणाला. "चौदा वर्षं मी घेतलेलं नाही."

"काय घेतलेलं नाही?"

"वेदीवरचा वाटा. तुम्ही रांगेत उभे असता ना, तेव्हा मी भट्टीची राख काढत असतो. राख एवढी असते का रे कधी? मी भाजतो, तुम्ही खाता. वचन मला लागू नाही असं तुला सांगायचो, पण पाय पुढं जायचे नाहीत. गावात एवढ्यांना वाटलं आणि माझ्याच वाट्याला काही ठेवलं नाही मी."

दर रविवारी त्या रांगेत मी उभा होतो, शम्मास म्हणून सगळ्यांवर माझी नजर असायची, आणि तीनशे माणसांत हा नाही हे मला कधी दिसलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, सात भाकरींच्या बदल्यात नुसत्या दुसऱ्या भाकरी आणायला आम्ही निघालो नव्हतो. हा माणूस भावापर्यंत पोचला नाही, तर मरेपर्यंत दुसऱ्यांसाठी भाजत उपाशी राहणार होता.

देर बिसादाची भट्टी काठाला लागूनच आहे. घत्तास दाराकडे पाठ करून परात खरवडत होता. केस पांढरे झालेले, खांदे अगदी बापासारखे. बाखूम उंबऱ्यावर थांबला. होडीत जमवलेलं सगळं विसरला.

"माझ्या भाकरी तडकल्या," तो म्हणाला. "टोचायला विसरलो. तीनशे माणसं उपाशी उभी आहेत."

घत्तास वळला. मी खुराची वाट बघत होतो. तो म्हणाला, "सगळ्या?"

"सातच्या सात."

घत्तास पिठाच्या पोत्यावर बसला. हातातलं उलथणं मांडीला पुसलं. मग म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी माझ्याही फुटल्या. क्रुसाच्या सणाला. भट्टी जास्त तापली. बाहेर आलो तर समोर तुझा धूर दिसत होता. होडीही काठाला बांधलेली होती. आणि मी उलटा दक्षिणेला चालत सुटलो, सात किलोमीटर, दुसऱ्या देवळात. परत येईपर्यंत दुपार झाली. एक म्हातारी चक्कर येऊन पडली. अबूनांना सांगितलं, तिकडची भाकरी चांगली असते." त्यानं नाक पुसलं, नाकाला पीठ लागलं. "तू नदी ओलांडलीस, भाऊ."

बाखूम अजून उंबऱ्यावरच. "ते खुराचं बोललास तू."

"बोललो."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर. चांगली होती तुझी भाकरी. बाबांसारखीच होती, म्हणून तर बोललो. मला वाटलं होतं, बाबांचा हात माझ्याकडे येईल."

"मग हे आधी सांगायचं होतंस."

"मध्ये नदी होती."

"नदीला होडी असते रे," बाखूम म्हणाला, आणि आत गेला. दोघांनी एकमेकांना धरलं तेव्हा मी बाहेर येऊन उभा राहिलो, कारण काही गोष्टी शम्मासनंही बघायच्या नसतात. बाखूम बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर पिठाचे दोन पंजे उमटलेले होते. घरी पोचेपर्यंत मी त्याला ते सांगितलं नाही.

मग एक गंमत झाली. टोपलीत भाकरी विषम संख्येत ठेवायच्या अशी आमची रीत, तीन, पाच, सात. घत्तासकडे होत्या नऊ. त्यानं आम्हाला पाच दिल्या, त्याच्याकडे चार उरल्या. ते चालणार नाही. मग आम्हाला तीन देऊन बघितल्या, त्याच्याकडे सहा. तेही चालेना. दोघं भाऊ भट्टीसमोर उकिडवे बसून भाकरी इकडून तिकडे सरकवत होते, आणि तीनशे माणसं पलीकडे उभी. नऊचे दोन विषम भाग होत नाहीत हे मला सहावीपर्यंत शिकूनही त्या दिवशी कळलं. शेवटी एक भाकरी मी उचलली आणि ज़हरानला दिली. पाच आमच्या, तीन त्यांच्या. ज़हरान म्हणाला, "तुमच्या देवाला हिशोब जमत नाही, पण न्याहारीची जाण आहे."

अबूना अर्सानींनी आमच्या टोपलीतून उचललेली दुसरी भाकरीच निवडली, पाहताक्षणी. उपासना दोन तास उशिरा सुरू झाली, आणि उम्म शाकिरच्या गुडघ्यांशिवाय कुणी तक्रार केली नाही. वाट्याची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम मान वळवून पाहिलं. बाखूम रांगेत होता, शेवटून तिसरा. पाठीवर पंजे तसेच. अबूनांच्या समोर तो आला तेव्हा अबूनांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी त्याच्या जिभेवर तो तुकडा ठेवला, भावाच्या हातचा. पुढची ओळ मला म्हणायची होती. मी ती म्हटली, पण कुठल्या सुरात ते विचारू नका.

दुपारी घत्तास आला. त्याची उपासना संपवून, बायकोला घेऊन, पेरूंची पिशवी घेऊन. आधी सगळे बाखूमच्या बैठकीत बसले. मग दोघं भाऊ उठून भट्टीच्या खोलीत गेले आणि तिकडेच राहिले. चहा थंड झाला. इस्तीरनं मला बघायला पाठवलं. मी देवळामागच्या अंगणात पोचलो तर आतून आवाज चढलेले. खमीर किती घालायचं यावर जुंपली होती. घत्तास म्हणत होता, मूठभर. बाखूम म्हणत होता, मूठभर म्हणजे कुणाची मूठ, तुझी की बाबांची. घत्तास म्हणत होता, म्हणून तर तुझी भाकरी रविवारी चांगली आणि सणाला जड.

तेवढ्यात अबूना अर्सानी फाटकातून आत आले आणि थबकले. चेहरा उतरला त्यांचा. "भांडतायत का रे?"

"नाही, अबूना," मी म्हटलं. "बोलतायत."

अबूना भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांना एक पेरू दिला, एक मी घेतला, आणि आम्ही दोघं तिथं बसून ऐकत राहिलो. ऊन खजुरीच्या झाडांमागं गेलं तरी खमिराचं काही ठरलं नव्हतं.